नणंदेचं लिव्हर

रत्नाबाईला नणंद आवडत नव्हती, हे मुठा गावात कुणाला सांगावं लागत नव्हतं. साधनालाही वहिनी आवडत नव्हती आणि तेही पार उरवड्यापर्यंत ठाऊक होतं. नऊ वर्षं दोघी एकमेकींशी चकार शब्द बोलल्या नव्हत्या. आणि आता रत्नाबाईला त्याच नणंदेचं अर्धं लिव्हर पाहिजे होतं. घ्या!

झालं असं, की रत्नाबाईच्या नवऱ्याला, निरंजनला, भल्या सकाळी अंगणात रक्ताची उलटी झाली. पुण्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, लिव्हर पार निबर झालंय, पोटात पाणी धरलंय. रत्नाबाई म्हणाली, "अवं डॉक्टर, ह्यांनी जन्मात दारूचा थेंब तोंडाला लावला न्हाई." डॉक्टर म्हणाले, दारूनं नाहीच, चरबीनं झालंय. साखर आणि चरबी. नदीकाठचं रान बंगलेवाल्यांना दिल्यापासून निरंजन फाटकाजवळ खुर्ची टाकून बसायचा, दिवसाकाठी आठ गोड चहा आणि पुडाभर खारी हाणायचा, त्याचं हे फळ होतं. पण गावाला कोण सांगणार? "चरबीनं कुटं लिव्हर जातंय व्हय? कोपऱ्यात बसून घेत असंल!" असं लोक बोलायचे आणि रत्नाबाईच्या डोक्यात तिडीक जायची. लोकांनी दारूशी संबंध लावू नये म्हणून जगभरच्या डॉक्टरांनी दोन-तीन वर्षांपूर्वी या आजाराचं नावच बदलून टाकलंय, असंही डॉक्टर म्हणाले. नाव बदललं म्हणून मुठ्यातली तोंडं थोडीच बदलतात!

"आन औषध?" तिनं विचारलं.

"आता नवीन गोळी आलीये परदेशात, आठवड्याचं इंजेक्शनही आलंय. चांगले रिझल्ट आहेत. पण लिव्हर इतकं निबर व्हायच्या आधी द्यायचं असतं ते. यांचं त्याच्या पुढं गेलंय."

"म्हंजे औषध निघालं, पर आमच्यासाठी न्हाई."

"तसंच समजा."

राहिलं ते लिव्हर बदलणं. मेलेल्या माणसाचं मिळेल म्हणून नाव नोंदवलं, पण ती यादी मारुतीच्या शेपटासारखी लांब. दर पंधरवड्याला निरंजनच्या पोटातलं पाणी काढत होते. डॉक्टरांनी हातात फार तर सहा महिने धरा म्हणून सांगितलं. जिवंत माणसानं द्यायचं तर ते जवळच्या नात्यातलं पाहिजे. रत्नाबाईचा रक्तगट वेगळा, पोरगी सोळा वर्षांची. मग कोण उरलं? साधना.

आता या दोघींचं वाकडं का, तेही सांगून टाकतो. रान विकायचं ठरलं तेव्हा साधनाची हक्कसोडाची सही लागत होती. आपल्याकडं बहिणीनं सही करायची, भावानं लुगडं नेसवायचं, की मिटलं. रत्नाबाईनं तिला गाडीत घातलं, पौडाच्या कचेरीत नेलं, हातात पेन दिलं आणि म्हणाली, "कर सही, उशीर होतोय." घरी आल्यावर जी साडी नेसवली ती रत्नाबाईला कुणीतरी बारशात दिलेली होती, आणि बारशाला साधनाही होती. तिनं ती साडी अंगणात फेकली आणि गेली. विधवा बाई, मूलबाळ नाही, उरवड्याच्या कंपनीत पॅकिंगला उभी राहून पोट भरणारी. पण ती परत माहेराला फिरकली नाही.

रत्नाबाई कंपनीच्या गेटवर गेली. साधना जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन बाहेर आली, वहिनीला बघून थबकली.

"तुज्या भावाला लिव्हर पायजे," रत्नाबाई म्हणाली. "तुमच्या दोघांचा गट येकच हाय. उद्या नवाला गाडी येईल."

रामराम नाही, कशी आहेस नाही.  साधना म्हणाली, "दादा जेवतोय का?"

"जेवण कुटलं! पोट नगाऱ्यावानी झालंय."

"बरं. मी डबा खाती. सुट्टी संपल."

दुसऱ्या दिवशी नवाला ती रस्त्यावर उभी होती.

तपासण्यांत सगळं जुळलं आणि एका ठिकाणी अडलं. बरगडीवर यंत्र लावून लिव्हरमधली चरबी मोजतात, ती साधनाचीही जास्त निघाली. एकाच घरचं हाड, दुसरं काय! डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, सहा आठवडे कडक पथ्य आणि रोज चालणं केलं की ही चरबी उतरते, आम्ही असे कितीतरी दाते तयार केलेत. दात्यांचं सगळं बघणाऱ्या मृण्मयी मॅडमनी मराठीत छापलेला कागद दिला आणि वाचूनही दाखवला. भात नाही, साखर नाही, तळलेलं नाही. सगळ्यात खाली लिहिलं होतं, की कुठलाही काढा, चूर्ण, झाडपाला घ्यायचा नाही. मग मॅडमनी रत्नाबाईला बाहेर बसवलं आणि साधनाला एकटीला आत नेलं. पाऊण तास आत होती. बाहेर आल्यावर रत्नाबाईनं विचारलं, "काय म्हणली?" साधना म्हणाली, "इचारत होती." "काय?" "असंच."

बस्स. 'असंच' म्हणजे काय? रत्नाबाईच्या मनात तिथंच पाल चुकचुकली. हिला द्यायचं नाही. ही आपल्याला खेळवणार आणि शेवटी हात वर करणार.

म्हणून तिनं साधनाला उरवड्याला जाऊच दिलं नाही. बिनपगारी रजा टाकायला लावली आणि मुठ्याला घरी आणून ठेवली. कागद फ्रिजवर चिकटवला, आंबेमोहराच्या तांदळाच्या पिंपाला कुलूप घातलं, न्हाणीजवळ वजनाचा काटा मांडला. सकाळी उठलं की साधनाला काट्यावर उभी करायची. सव्वा अठ्ठ्याहत्तर.

"येवढं काय खात व्हतीस गं उरवड्याला?"

"कंपनीचा वडापाव. तुज्यावानी काजू-बदाम कुटलं आमाला?"

"आता नाचणीची येकच भाकर. मोजून."

"मोज की. मोजायला तू हुशारच हाईस."

असं रोज चालायचं. साधना भाकरीचा तुकडा मोडायची आणि रत्नाबाई समोर बसून तिच्या तोंडाकडं बघायची. माणूस जेवताना असं कुणी बघतं का? पण रत्नाबाईला तिच्या प्रत्येक घासात नवऱ्याचा जीव दिसत होता. खोटं कशाला बोला, तिचं निरंजनवर प्रेम होतं, जबरदस्त प्रेम होतं, आणि त्या प्रेमापायी जगातल्या बाकीच्या कुणाचीही तिला पत्रास नव्हती.

सकाळ-संध्याकाळ साधना चालायला जायची. वाट एकच, बंगल्यांची. ज्या रानात तिनं लहानपणी म्हशी राखल्या, तिथं आता दगडी कुंपणं आणि शनिवार-रविवारची पोहण्याची तळी होती. परत आली की ती पायरीवर बसून मुद्दाम मोठ्यानं म्हणायची, "दादा, आपल्या विहिरीवर आता कुत्र्याला आंगुळ घालत्यात."  निरंजन खाटेवर पिवळे डोळे मिटून घ्यायचा. रत्नाबाई आतून ओरडायची, "पाय दुखत असतील तर बस गप. जीभ नगं दुखवूस."

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी काटा शहात्तरावर अडला. चार दिवस झाले, सहा दिवस झाले, हलायला तयार नाही. आणि सातव्या दिवशी केर काढताना साधनाच्या अंथरुणाखाली बिस्किटाच्या पुड्याचा कागद सापडला.

रत्नाबाईनं तो कागद तिच्या तोंडासमोर नाचवला. "ह्ये काय हाय? भाऊ मरतोय आन तू बिस्किटं चारतीयास सोताला?"

"माजं न्हाई त्ये."

"मग काय उंदरानं दुकानातनं आणलं?"

साधनानं खाटेकडं पाहिलं. निरंजन भिंतीकडं तोंड करून पडला होता. तो पुडा त्याचा होता. बहिणीकडून त्यानं गुपचूप मागून घेतला होता आणि कागद तिच्या अंथरुणाखाली सारला होता. ती सांगू शकली असती. ती म्हणाली, "असंल माजं. जा."

रत्नाबाईला तेवढं पुरलं. दुसऱ्याच सकाळी ती मागच्या दारी कडुनिंबावर चढलेल्या गुळवेलीचे वीतभर तुकडे तोडून घेऊन आली. ठेचले, आठ पेले पाण्यात घालून चुलीवर ठेवले, एक पेला उरेपर्यंत आटवले. काळं कडू जहर. करोनात घरोघरी हेच पीत होते, हिच्याही घरात वर्षभर पीत होते, कुणाला शिंकसुद्धा आली नव्हती. गुळवेलीनं मेद झडतो, लिव्हर धुऊन निघतं, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

साधनानं पेला हातात घेतला आणि फ्रिजकडं बोट केलं. "काढा घ्यायचा न्हाई म्हणून लिवलंय."

"त्यो दुकानातला. बाटलीतला. ह्ये काय औषध हाय व्हय? आपल्या दारचा पाला हाय."

"मॅडमला फोन करून इचार."

"मला नगं शिकवूस! चोरून बिस्किटं खाताना मॅडमला इचारलं हुतंस? भावाचा जीव प्यारा असंल तर पी, न्हाईतर तोंडावर सांग की द्यायचं न्हाई म्हणून!"

साधनानं पेला तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला. तेव्हापासून सकाळी एक, संध्याकाळी एक.

आणि काय सांगू, काटा उतरायला लागला की! पंच्याहत्तर, चौऱ्याहत्तर, त्र्याहत्तर. रत्नाबाई खूश. पाचव्या आठवड्यात साधनाची भूकच मेली, भाकरी बघूनच तिला उमळायला लागलं. रत्नाबाई म्हणाली, "बरंच झालं, आयतं पथ्य." साधना म्हणाली, "लघवी हळदीवानी हुतीया. आंगाला खाज सुटतीया." रत्नाबाई म्हणाली, "उनाची चालतीयास, पाणी पी." आणि वर काढ्याचा पेला दिला. शेवटच्या दिवशी काट्यानं एकाहत्तर दाखवलं तेव्हा तिनं देवापुढं साखर ठेवली.

दवाखान्यात पुन्हा ते बरगडीवरचं यंत्र लावलं. डॉक्टर पडद्याकडं बघून चक्क हसले. "वा, साधनाताई! चरबी जवळजवळ गेली. असा रिझल्ट दहांत एखादा." रत्नाबाईनं पदरानं डोळे पुसले. मग डॉक्टरांनी साधनाची खालची पापणी ओढून पाहिली आणि हसणं थांबवलं. रक्त घेतलं. रिपोर्ट येईपर्यंत दोन तास दोघी एका बाकावर मधे पिशवी ठेवून बसल्या होत्या.

रिपोर्ट आला. चाळीसच्या आत पाहिजे तो आकडा आठशेवर होता. डॉक्टरांनी कागद टेबलावर ठेवला आणि खुर्ची पुढं ओढली. मृण्मयी मॅडम बाजूला उभ्या होत्या.

"यांच्या लिव्हरला मोठी सूज आहे. कावीळ आहे. सहा आठवड्यांपूर्वी काही नव्हतं. काय घेतलंत? पेनकिलर? चूर्ण? काढा?"

साधनानं मान वळवून वहिनीकडं पाहिलं आणि ती थांबली. बोलायचं रत्नाबाईनं होतं.

"कायबी न्हाई," रत्नाबाई म्हणाली.

"नीट आठवा. करोनानंतर देशात ठिकठिकाणच्या डॉक्टरांनी लिहिलंय यावर. साधी गुळवेलसुद्धा. बऱ्याच जणांना काही होत नाही, पण काहींच्या अंगातली यंत्रणा त्यानं उलटी फिरते आणि स्वतःच्याच लिव्हरवर तुटून पडते. कारण कळलं तर ते बंद करणं हेच निम्मं औषध. नाही कळलं तर यांना ॲडमिट करून सुई घालून लिव्हरचा तुकडा काढून बघावा लागेल."

गुळवेल. नाव घेतलं डॉक्टरांनी!  सांगावं, तर हे म्हणणार दात्याला जबरदस्तीनं पाजलं, फाईल कायमची बंद. न सांगावं, तर हिच्या पोटात सुई जाईल. जाऊ दे. सुईनं माणूस मरत नाही. निरंजन मात्र मरेल.

"न्हाई डॉक्टर, फ्रिजवर तुमचा कागद लावलाय. त्याच्याबाहेर येक घास दिला न्हाई म्या. ही चालायला जायची तितं बाहेर काय खाल्लं आसंल तर देव जाणे."

 मग साधना मॅडमकडं वळली.

"गुळवेल," ती म्हणाली. "तीन आठवडं. दिवसातनं दोनदा, आठ पेल्याचा येक पेला आटवून. हिनं पाजली, म्या प्याली."

डॉक्टरांनी लगेच लिहून घेतलं. रत्नाबाईकडं पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, आजपासून बंद, दोन दिवस इथं ठेवतो, गोळ्या लागल्या तर देतो. बहुतेक उतरेल. तीन-चार महिन्यांत सगळं नॉर्मल झालं, तर पुन्हा तपासून त्यांचं लिव्हर घ्यायचा विचार करता येईल. तोवर निरंजनरावांना सांभाळायला बघू. एवढं बोलून ते दुसऱ्या पेशंटकडं गेले.

रत्नाबाईला तीन-चार महिने एवढंच ऐकू आलं. म्हणजे अजून आहे! सहातला दीड गेला, अजून चार गेले तरी पंधरा दिवस उरतात. तिचा जीव भांड्यात पडला आणि पडल्या पडल्या तिची जीभ सुटली. "पायलंस? कशाला ओकलीस सगळं? आता ह्ये दवाखानेवाले माज्यावर डूख धरतील. मुद्दाम केलंस तू. तुला द्यायचंच नव्हतं पयल्यापासनं!"

"द्यायचं नव्हतं?" साधनाचा आवाज चढला. सहा आठवड्यांत पहिल्यांदा चढला. "मॅडम, हिला सांगा तुमी मला आत नेऊन काय इचारलं हुतं ते."

"ते मी सांगू शकत नाही, ताई. ते तुमच्या-माझ्यातलं आहे."

"मग म्या सांगती. ह्या मला म्हणल्या, ताई, मनात नसंल तर न्हाई म्हणा. आमी घरच्यास्नी नुसतं सांगू की तुमचं लिव्हर बसत न्हाई. कुणाला कळायचं न्हाई, कुणी तुमाला बोल लावणार न्हाई. तीनदा इचारलं त्यांनी. येवढी सोपी वाट हुती वैनी, आन तीनदा मी व्हय म्हणली. भावासाठी व्हय म्हणली. तुजी बोलणी खाल्ली, काटा सोसला, बिस्किटाचा आळ घेतला, त्यो पुडा दादाचा हुता. जहर पाजलंस त्येबी प्याली, म्हणलं अडाणी हाय, नवऱ्यापायी करतीया. पर मघाशी डॉक्टर सुई म्हणला, आन तू न्हाई म्हणलीस. माज्या तोंडाकडं बघून न्हाई म्हणलीस."

 रत्नाबाईनं पिशवी उचलली, पुन्हा ठेवली.

"मॅडम," साधना म्हणाली, "आता चौथ्यांदा इचारा."

"ताई, आत्ता नको. तुम्ही चिडलायत, बरं नाहीये तुम्हाला. महिन्याभरानं बोलू."

"महिन्यानं इचारा, धा महिन्यानं इचारा, जबाब त्योच. न्हाई."

 मृण्मयी मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "ठीक आहे. तो तुमचा हक्क आहे. घरी भावाला वैद्यकीय कारण सांगू आपण..."

"न्हाई. लिव्हर बसतंय म्हणून सांगा. साधना न्हाई म्हणली म्हणून सांगा."

रत्नाबाई साधनाच्या पायाशी बसली. होय, बसली! जिला नऊ वर्षं दारात उभं केलं नव्हतं तिच्या पायाशी, दवाखान्याच्या फरशीवर. "साधनाताई, चुकलं माजं. माजं काय करायचं त्ये कर, पर त्यांना जगू दे. देशील का? येकदा व्हय म्हण. देशील का गं?"

साधनानं तिच्या हातातून पाय सोडवून घेतला. "इचारायला आता सुचलं व्हय तुला," ती म्हणाली आणि नर्सच्या मागं वॉर्डात निघून गेली.

तेवढ्यात पिशवीतला फोन वाजला. निरंजनचा. सकाळपासूनचा चौथा. रत्नाबाईनं फरशीवर बसल्या बसल्याच उचलला.

"काय म्हणलं डॉक्टर?" त्याचा आवाज पार खोल गेला होता. "बसलं का साधीचं?"

बसत नाही म्हणून सांगणं सोपं होतं. तिच्या जिभेवर आलंही होतं. पण मृण्मयी मॅडम समोर उभ्या होत्या, आणि का कोण जाणे, आजच्या दिवसात आणखी एक खोटं तिच्याच्यानं बोलवेना.

"चरबी गेली. बसत हुतं," ती म्हणाली. "पर साधना न्हाई म्हणली."

"का?"

"म्या तिला काढा पाजला. कागदावर नगं लिवलं हुतं तरी पाजला. तिला कावीळ झाली. आन डॉक्टरनी इचारलं तवा कायबी दिलं न्हाई म्हणून सांगितलं. तिच्यावरच ढकललं."

 ती वाट बघत होती, की तो म्हणेल, तिला फोन दे, मी बोलतो, माझं ऐकेल ती. ऐकलीही असती. भाऊ दोन शब्द बोलला असता तर ती ऐकली असती, हे रत्नाबाईला पक्कं ठाऊक होतं.

"मग बरुबर हाय तिचं," निरंजन म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.